नेढ्याखालचा धूर

डोंगराच्या खांद्यावर ऊन वाकलं वाकलं,
मोळीच्या गं सावलीत तान्हं बाळ मी झाकलं.

आईचा आवाज नेहमी पुढून यायचा. वैशाखात सरपणाला डोंगर चढताना आई मागे वळून कधी पाहायची नाही. ती गात राहायची आणि लहानगी कुसा त्या आवाजाचं बोट धरून चालायची. वळणाआड आई दिसेनाशी झाली तरी ओवी ऐकू यायची, आणि ओवी ऐकू येते तोवर पोर रडायची नाही. काही दिवशी मात्र आई गायची नाही. त्या दिवशी तिचा ओठ फुटलेला असायचा, नाहीतर जबडा सुजलेला. मग कुसा मुकाट्याने तिच्या टाचांकडे बघत चढायची. बाप काय करतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, इतकंच.

"आई, पाणी पी गं. तोंड बघ कसं लाल झालंय."

चैतालीने बाटली पुढे केली आणि कुसाबाई खडकाला टेकली. पन्नाशी उलटून गेली होती, गुडघे आता ऐकत नव्हते. भोरकड्याचा अर्धा डोंगर खाली राहिला होता, अर्धा वर होता. मे महिन्यातला रविवार. सकाळचंच ऊन, पण चापट बसावी तसं गालावर बसत होतं. मागच्या आठवड्यात कुणीतरी गवताला काडी लावली होती. सगळा उतार काळा पडला होता. पाऊल टाकलं की राख उडून पोटऱ्यांना चिकटत होती, आणि जळलेल्या करवंदीच्या जाळ्या बरगड्या निघाल्यासारख्या उभ्या होत्या.

"चला, सासूबाई, चला," वरून सनीचा आवाज आला. "एवढ्यात दमलात? खरा व्ह्यू अजून वर आहे. इथे बसून काय राख बघायची?"

"येते, सनीराव. तुम्ही व्हा म्होरं."

सनी दुचाकीच्या शोरूममध्ये विक्रीला होता. बोलणं गोड, दात पांढरे. रविवारी लोकांना डोंगरांवर फिरवायचा त्याला छंद होता. फोनमध्ये त्याचे पुष्कळ फोटो होते: सुळक्यावर उभा, कड्यावर पाय सोडून बसलेला, हात पसरलेले. चैताली तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन त्याच्या घरी गेली आणि गेल्या होळीच्या आधी एका पिशवीनिशी आईकडे परत आली. पहिले काही दिवस ती म्हणत होती, न्हाणीत पाय घसरला. मग म्हणेनाशी झाली.

मागच्या रविवारी कुसाबाईचा भाऊ नवनाथ याच्या घरी बैठक बसली. दोन्हीकडची माणसं आली, चहा झाला. सनीने सगळ्यांसमोर कुसाबाईच्या पायांना हात लावला. "माझा आवाज कधीकधी चढतो, मान्य. पण चैतूशिवाय मला घर खायला उठतं," असं म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरले होते. त्याची आई विमलाबाई म्हणाली, "संसारात भांड्याला भांडं लागतंच, इहीणबाई. पोरगी किती दिवस तुमच्या दारात बसवणार?" नवनाथने मान डोलावली. कुसाबाई कपबशा गोळा करत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

सनीनेच मग सुचवलं. "रविवारी भोरकड्याला जाऊ. नेढ्यातून जो व्ह्यू दिसतो ना, मामा, धरणाचं पाणी, ब्रह्मगिरी, अंजनेरी, सगळं एका चौकटीत. तिथे आम्हा दोघांचा फोटो काढतो, सगळ्यांना टाकतो. लोकांची तोंडं बंद. आणि तिथून थेट घरी."

चैताली इतकंच म्हणाली, "आई आली तर येते."

म्हणून कुसाबाई डोंगर चढत होती. खाली आंब्याच्या सावलीत नवनाथची जीप उभी होती, आणि जीपमध्ये चैतालीची कपड्यांची बॅग. वर यायला नवनाथने साफ नकार दिला होता. "देवीनं माझं पोट बघितलं तर म्हणंल, ह्याला खालीच बांधून ठेवा. जावा तुम्ही. मी जीप राखतो." असं म्हणून सीट मागे टाकून तो आडवाही झाला होता.

जायचं तर कुसाबाईलाही होतंच. नेढ्याच्या पायथ्याशी कडजाईचं ठाणं होतं. तिच्या माहेरची ही देवी. पोरगी परत आली त्या दिवशी कुसाबाईने देवीला नवस बोलला होता: लेकीचा संसार मार्गी लागू दे, जोडीनं दोघांना तुझ्या पायाशी आणीन, भरपूर धूप घालीन. बैठकीत सनीने भोरकड्याचं नाव काढलं तेव्हा तिला वाटलं, देवीनेच बोलावणं धाडलं. पिशवीत नारळ होता, राळ होती, गोवऱ्या होत्या, नारळाच्या शेंड्यांचं भेंडोळं होतं. खाली बसायला एक सतरंजी.

"दे ती पिशवी इकडे," चैताली म्हणाली.

"नगं. नवसाचं सामान दुसऱ्याच्या हाती देत नसत्यात."

"मी दुसरी आहे का?"

कुसाबाई हसली आणि उठली. लेकीच्या हाताला धरून उठताना तिला जाणवलं, लेकीचा हात गार आहे. एवढ्या उन्हात गार.

गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या बसवर कुसाबाई मावशी म्हणून कामाला होती. गेनू, तिचा नवरा, गेल्यापासून हेच काम. सकाळी मुलांना हात धरून वर चढवायचं, दुपारी हात धरून खाली उतरवायचं आणि ज्याच्या त्याच्या माणसाच्या हातात द्यायचं. एकदा एक सुटाबुटातला माणूस मुलीला न्यायला आला. मी बाप आहे म्हणाला. मुलगीही पप्पा म्हणाली, पण म्हणताना ती कुसाबाईच्या मागे सरकली होती. कुसाबाईने मुलीला सोडलं नाही. माणूस अंगावर धावून आला, ड्रायव्हर म्हणाला, मावशी, द्या ना, तमाशा कशाला. मुलीची आई धापा टाकत येईस्तोवर ती दारात आडवी उभी राहिली. त्या दिवशी घरी येऊन तिला स्वतःचंच नवल वाटलं होतं.

आज संध्याकाळी तिला स्वतःची पोर सोपवायची होती.

शेवटचा टप्पा कातळातला होता. हातांनी खोबण्या धरून चढायचं. खडक इतका तापला होता की तळवे भाजत होते. सनी वरून हात देत होता. चैतालीला त्याने एका झटक्यात वर ओढलं. तिने खांदा दाबून धरला. मग त्याने कुसाबाईला अलगद, पायाखाली स्वतःचा गुडघा देऊन वर घेतलं.

"बघा सासूबाई. जावई कामाला येतो की नाही?"

"येता बाबा. लय कामाला येता."

वर कड्याला आरपार भोक पडलं होतं. हेच ते नेढं. त्यात दहाबारा माणसं सहज उभी राहतील एवढं. नेढ्याच्या खाली, कातळाच्या कुशीत, बिनघडीव दगडाचा, शेंदूर फासलेला तांदळा: कडजाई. पायाशी कोंबड्यांची पिसं, वाळलेल्या रक्ताचे काळे ओघळ, फुटक्या बांगड्या. वर कडा पुढे झुकलेला होता आणि त्याच्या पोटाला मोठमोठे काळे डाग होते. कुसाबाईला वाटलं, वणव्याची काजळी.

नाशिकहून आलेलं एक टोळकं आधीच नेढ्यात बसलं होतं. तीन मुलं, दोन मुली. पाठीवर रंगीत पिशव्या, हातात वेफर्स.

"काका, व्ह्यू शोधताय?" त्यातला एक चष्मेवाला सनीला म्हणाला. "आम्ही तासभर शोधतोय. सापडला तर आम्हालाही सांगा."

बाकीचे हसले.

पलीकडे काहीच दिसत नव्हतं. खाली गावोगाव पालापाचोळा पसरून भाताचे राब भाजले होते, डोंगर पेटले होते, आणि त्या सगळ्या धुराची, धुळीची एक मळकी गोधडी दरीवर पडली होती. धरण नाही, ब्रह्मगिरी नाही. एका जागी थोडंसं काही चमकत होतं, ते पाणी असेल किंवा कुणाचा पत्रा.

सनी बराच वेळ उभा राहिला. त्याच्या जबड्याची शीर हलताना कुसाबाईला दिसली. मग तो एकदम मोकळा हसला.

"काही हरकत नाही. व्ह्यू नाही तर नाही, बायको तर आहे. चैतू, इकडे ये. व्हिडिओ काढू. तू फक्त म्हण, परत आले माझ्या माणसाकडे. आणि हास."

कुसाबाई ठाण्यापाशी वाकून गोवरी पेटवत होती. मागून सनीचा आवाज ऐकू येत होता.

"हास ना. दात दुखतात का? हां, आता बोल."

चैताली दरीकडे बघत राहिली.

"पुन्हा. थ्री, टू... बोल."

"काय बोलू," चैताली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण नेढ्यात घुमला. "दिसतच नाहीये काही. कुठे परत आले ते तरी दिसू दे."

चष्मेवाल्याच्या तोंडातून हसू फुटलं. एक मुलगी त्याला गप्प करत होती, तीही हसत होती.

"एक मिनिट हं," सनी हसतच त्यांना म्हणाला. "मॅडमचा मूड नाही. पलीकडे जरा सावली आहे, तिकडे बसतो."

कुसाबाईने निखाऱ्यावर थोडी राळ टाकली. धुराची बारीक दोरी सरळ वर गेली. आता जोडी पाहिजे होती. नारळ जावयाच्या हाताने फुटायला हवा होता. नारळ हातात घेऊन ती दोघांना बोलवायला नेढ्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथे एक शिळा होती. ती शिळेला वळसा घालणार इतक्यात थांबली.

हात वर गेलेला तिने पाहिला नाही. तिने पाहिलं ते चैतालीचं डोकं खडकावर आपटून परत येताना. खडकाला लागलं तेव्हा जो आवाज झाला तो कसा होता, हे तिला पुढे कधी कुणाला सांगता आलं नसतं. चैताली खाली बसली. ओरडली नाही. गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीत खुपसली, दोन्ही हातांनी पोट झाकलं. त्या दुमडण्यात सराव होता. सनीच्या पायात जाड तळव्याचे डोंगरातले बूट होते. पहिली लाथ बरगडीत बसली. मग आणखी. तो घाईत नव्हता. शोरूममध्ये गिऱ्हाइकाशी बोलावं तशा खालच्या आवाजात तो बोलत होता.

"चार माणसांत माझी मस्करी. हां? पोरं हसली, बरं वाटलं? आज घरी चल. घरी बघतो."

मग तो उकिडवा बसला. खिशातून रुमाल काढला, तिच्या कानामागचं रक्त टिपलं, केस सारखे केले. "चल. रुसायचं नाही आता. आई वाट बघत असतील."

कुसाबाईचे पाय आपोआप मागे वळले. तिने ते वळवले नव्हते. ती ठाण्यापाशी आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या हातांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पुडीतली सगळी राळ निखाऱ्यावर ओतली. उरलेल्या गोवऱ्या घातल्या. शेंड्यांचं अख्खं भेंडोळं वर ठेवलं आणि फुंकत राहिली. आई, हात आवर त्याचा. आई, त्याचा हात आवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं की कशाचं हे तिचं तिलाही कळत नव्हतं. दाट पांढरा लोट उठला. त्याच वेळी खालच्या दरीतून उन्हाचं वारं वर चढलं आणि तो लोट उचलून कड्याच्या पोटाला नेऊन चिकटवला.

कडजाईला धूप घालतात तो नवरात्रात, कडा मोकळा असतो तेव्हा. उन्हाळ्यात इथे कुणी निखारा पेटवत नाही. कुसाबाई माहेर सोडून फार वर्षं झाली होती, आणि नवस थांबायला तयार नव्हता.

वरचे काळे डाग हलले.

आधी आवाज आला, दूरच्या गिरणीसारखा. मग डागांची कातडी सोलून खाली लोंबली आणि फुटली. आग्या मोहोळ. ऊन काळवंडलं. टोळक्यातली मुलगी किंचाळली, पिशव्या टाकून सगळे कातळाकडे धावले, कुणीतरी गडगडत खाली गेलं. कुसाबाईच्या कपाळावर पहिला डंख बसला, तापल्या दाभणासारखा, मग पापणीवर, मग ओठाच्या आत. तिने तोंड उघडलं ते माश्यांनीच भरलं.

"खाली पडा! पडा खाली!"

सनी शिळेआडून धावत आला. एका हाताने त्याने चैतालीला फरफटत आणलं होतं. त्याने तिला ठाण्याच्या कोनाड्यात ढकललं, कुसाबाईला दंडाला धरून तिच्याजवळ आदळलं, सतरंजी ओढून दोघींवर टाकली आणि तो स्वतः वर पसरला. त्याला पळता आलं असतं. वाट त्याच्या ओळखीची होती, पाय तरुण होते. तो पळाला नाही.

सतरंजीच्या आत अंधार होता, आणि घामाचा, राळेचा, रक्ताचा वास. वर डंख बसत होते. प्रत्येक डंखाला त्याचं अंग कुसाबाईच्या पाठीवर उडत होतं, आणि दातांतून आवाज येत होता, पण तो हलत नव्हता. चैतालीचं तोंड तिच्या तोंडाला लागून होतं. तिच्या कानामागून काहीतरी कोमट ओघळून कुसाबाईच्या गालावर येत होतं.

"आई," चैताली कुजबुजली. "तू आली होतीस ना. शिळेपाशी. मला तुझं लुगडं दिसलं."

कुसाबाईचा ओठ फुगून दगड झाला होता.

"आई."

"गप पड," कुसाबाई म्हणाली. "माश्या येतील."

त्याच्या वजनाखाली दोघी पडून राहिल्या.

खालच्या वस्तीवरची माणसं ओली गोणपाटं पांघरून वर आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. नवनाथ जीप जोरात हाकत होता आणि रडत होता. नाशिकच्या दवाखान्यात पोहोचेस्तोवर सनीचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. डोळे मिटले होते, मान आणि पाठ फुगून एक झाली होती.

तातडीच्या वॉर्डात तिघांना जवळजवळच्या खाटा मिळाल्या. पलीकडच्या रांगेत टोळक्यातली दोघं होती, आणि आणखी आत, पडद्याआड, तो चष्मेवाला. त्याला नळ्या लावल्या होत्या. सिस्टर चिमट्याने एकेक काटा काढून वाटीत टाकत होती.

विमलाबाई मुलाच्या खाटेशी बसून सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं बोलत होती. "बायकोवर आडवा पडला हो माझा सोन्या. सासूवरसुद्धा. आजकालच्या पोरांत आहे का कोणात? आणि ह्याच पोरावर लोकांनी नाही नाही ते आरोप केले. आता सांगा म्हणावं."

"खरंय," नवनाथ म्हणाला. "आक्का, तुझा जावई वाघ निघाला. आम्हीच येडे, बैठका घेत बसलो." त्याने चैतालीच्या पायावरून चादर सारखी केली. "पोरी, नशीब काढलंस. सुट्टी झाली की बॅग जीपमधीच हाय, मी सोडतो तुम्हाला घरी."

चैताली छताकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरही माश्यांनी आपलं काम केलं होतं. सगळ्यांचे चेहरे सुजलेले, सगळ्यांचे ओठ फाटलेले. वॉर्डात कुणाला काय झालंय हे पाहून सांगता आलं नसतं.

एक हवालदार आला, वयस्कर, रुमालाने मान पुसत. "वर धूर कोणी केला म्हणायचं?" त्याने सनीला विचारलं. "पोरगा सीरियस आहे आतला. त्याचे वडील मालेगावहून निघालेत. विचारणारच ते."

सनीने मान वळवली. एका डोळ्याची फट तेवढी उघडी होती. ती फट कुसाबाईवर येऊन थांबली.

"नाही पाहिलं, साहेब. वणवा चालूच असतो ना तिकडे."

"तुम्ही, बाई?"

"त्यांना बोलता येत नाहीये," सनीच म्हणाला. "ओठ बघा ना."

हवालदार पडद्याकडे गेला. विमलाबाई पाण्याची बाटली भरायला उठली. तेव्हा सनी खाटेच्या कडेला सरकला आणि गोड, थकलेल्या आवाजात कुसाबाईला म्हणाला, "आई, काळजी करू नका. धुराचं मी कुठे बोलणार नाही. घरातलं घरात. आपण काय वेगळे आहोत का?"

ते वाक्य कुसाबाईच्या छातीवर सतरंजीसारखं पडलं. त्याने तिला वाचवलं होतं, दोनदा. त्याच्या पाठीतले काटे अजून सिस्टर काढत होती. ते खोटं नव्हतं. तो जळणाऱ्या घरातूनही बायकोला बाहेर काढील. आणि बाहेर काढून झाल्यावर दार लावून घेईल. दोन्ही हात एकाच माणसाचे होते, हे तिला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की सुजलेल्या पापण्यांआड तिने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीण आली. तरुण होती, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. तिने पडदा ओढला, चैतालीला कुशीवर वळवलं आणि पोलक्याखाली हात घातला. चैताली कळवळली. डॉक्टरणीने सिस्टरला दिवा जवळ धरायला सांगितलं. मग ती एकेका डागावरून बोट फिरवत गेली.

"हे कशाने झालं?"

"माश्या," चैताली म्हणाली.

"माश्यांचं मला कळतं. बरगडीवर हे जे आहे ते. आणि इथे, हे पिवळं पडलेलं. हे आजचं नाही."

"पडले मी. पळताना."

पडद्यापलीकडून सनीचा आवाज आला. "मॅडम, मीच ढकललं तिला. कोनाड्यात. वाचवायला. जोरात लागलं असेल."

"बरं," डॉक्टरीण म्हणाली. तिने चैतालीकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेवरच्या कुसाबाईकडे. "तुम्ही आई ना? तुम्ही बरोबर होतात. असंच झालं का?"

नवनाथ पडद्याच्या फटीतून डोकावत होता. "झालंच असंल ना, मॅडम. घाईघाईत..."

"मी त्यांना विचारतेय."

कुसाबाईने उठायचा प्रयत्न केला. सिस्टरने तिला खांद्याला धरून बसवलं. चैतालीने मान वळवली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिची पाठ, उघडी, दिव्याखाली, श्वास रोखून थांबली होती. कुसाबाईने त्या पाठीवर हात ठेवला. कातडीखालून लेकीच्या हृदयाचे ठोके तिच्या तळव्यावर आदळत होते.

तिने तोंड उघडलं. ओठाची खपली फुटून रक्त आलं. ते तिने पदराने पुसलं नाही.

"त्या हवालदाराला बलवा," ती म्हणाली. शब्द बोबडे येत होते, म्हणून तिने ते सावकाश, एकेक करून काढले. "धूर म्या केला. देवीला धूप घातला, त्याच्यानं माश्या उठल्या. त्या पोराचा बाप येईल, त्याला मी सांगंन. ते माझ्यावर लिवा."

"आई," पडद्यापलीकडून सनी म्हणाला. "आई, काय बोलताय तुम्ही?"

"सनीरावांनी आमच्यावर अंग टाकलं. ते बी लिवा, ते खरंय." तिने श्वास घेतला. तळव्याखालची पाठ थरथरायला लागली होती. तिने हात काढला नाही. "पण हे माश्यांचं न्हाय, बाई. ढकलल्याचंबी न्हाय. माश्या उठायच्या आधी, शिळेमागं, त्यांनी माझ्या लेकीचं डोकं खडकावर आपटलं. मग बुटानं मारलं. ती वरडली नाय. मी तिथं उभी व्हते."